आपत्तीतला मृत्युदर कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध, दुष्काळ, साथ, चक्रीवादळ. बातमीत एक आकडा येतो, आठवड्याने दुसरा येतो, वर्षाने तिसरा. मग 'हे सगळे आकडे कुणीतरी बसल्या जागी लिहितं' असं म्हणून माणूस पुढे सरकतो. तसं होऊ नये म्हणून हे पान. या आकड्यांमागे एक रीत आहे, तिच्यात खोट कुठे येऊ शकते तेही ठाऊक आहे, आणि थोडं लक्ष दिलं तर ती कुणालाही समजते.

किती माणसं गेली हे कळलं की झालं. वर आणखी 'दर' कशाला?

दिवसाला वीस मृत्यू. ही बातमी वीस हजारांच्या छावणीतली असेल तर तिथे हाहाकार उडाला आहे. वीस लाखांच्या शहरातली असेल तर तो नेहमीपेक्षा बरा दिवस आहे. शाळेत शिकलेले अंश आणि छेद इथे कामाला येतात: वर मृत्यू, खाली माणसं आणि दिवस. आपत्तीच्या कामात हा दर 'रोज दर १०,००० माणसांमागे किती मृत्यू' असा सांगतात, कारण तिथे वर्षाचा हिशोब बघायला कुणाला सवड नसते.

लोकांचं लक्ष अंशाकडे असतं, पण हिशोब फसतो तो बहुतेक वेळा छेदात. जुलै १९९४ मध्ये रवांडातून निर्वासितांचा लोंढा झाईरमधल्या, म्हणजे आताच्या काँगोमधल्या, गोमा शहराभोवती येऊन थडकला. पाठोपाठ कॉलरा आला, मग रक्ती हगवण. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, तिच्यात खड्डा खणता येईना. लोक आपली माणसं चटईत गुंडाळून रस्त्याच्या कडेला ठेवत आणि ट्रक येऊन ती उचलून नेत. उचललेल्या देहांची मोजदाद झाली म्हणून पहिल्या महिन्याचा अंश बराच पक्का मिळाला: जवळपास ५० हजार. पण छावण्यांत माणसं होती किती? कुणी ५ लाख म्हणे, कुणी ८ लाख. आता भागाकार करून बघा. छेदात ८ लाख घातले तर रोज दर १०,००० मागे २० मृत्यू येतात, ५ लाख घातले तर ३२. मृतांची संख्या तीच, फक्त जिवंत किती ते माहीत नाही म्हणून दर दीडपट होतो.

'रोज दर दहा हजारांमागे एक' ही धोक्याची रेघ कुणी आखली?

भारतात साध्या वर्षी दर हजारी सहा-सात मृत्यू होतात. ते दहा हजारांवर नेऊन ३६५ ने भागले की रोजचे ०.१६ ते ०.१९ येतात. १९९० च्या आगेमागे आफ्रिकेतल्या गरीब देशांसाठी नेहमीचा दर ०.५ धरला जाई. तो दुप्पट झाला की आणीबाणी, म्हणून १. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हीच रेघ २ वर. दुष्काळाची पातळी ठरवणाऱ्या आयपीसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत भूकबळीचा महादुष्काळ जाहीर करायला सर्व वयांचा दर २ लागतो, आणि सोबत मुलांमधलं तीव्र कुपोषण ३० टक्के व अन्नाला पूर्ण मोताद झालेली घरं २० टक्के.

एकच रेघ सगळ्या देशांना लावणं मला पटत नाही. इराक बघा. २००३ च्या आक्रमणाआधी तिथला दर वर्षाला दर हजारी साधारण ५.५ होता. आक्रमणानंतरच्या मृत्यूंचे जे अंदाज झाले, त्यांतल्या अगदी मोठ्या अंदाजाच्या पाहणीतही तो १३.३ निघाला, म्हणजे रोज दर दहा हजारांमागे ०.३६. लाखो माणसं गेली असं सांगणारी पाहणी, आणि तरी 'एक'ची रेघ ओलांडलेली नाही! म्हणून जाणकार आता त्या त्या देशाच्या नेहमीच्या दराशी तुलना करतात आणि दुप्पट झाला की घंटा वाजवतात. हेच योग्य आहे.

मृत्यूची नोंद असतेच ना? ती का बघत नाहीत?

जिथे ती शाबूत आहे तिथे आधी तीच बघतात. पण आपत्तीत नोंद करणारा माणूसही त्याच आपत्तीत सापडलेला असतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावचे मृत्यू नोंदवायचं काम चौकीदाराचं होतं. आपल्याकडे कोतवाल बुक असे, गाव नमुना १४, ज्यातल्या जुन्या नोंदी लोक आज दाखल्यांसाठी शोधत फिरतात; तसाच प्रकार. दुष्काळात चौकीदारही उपासमारीने मेले किंवा गाव सोडून गेले, आणि जिथे मृत्यू सर्वांत जास्त तिथेच वही कोरी राहिली. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये १५ लाखांच्या आसपास मृत्यू धरले. पुढे अमर्त्य सेन यांनी नोंदीतली ही गळती आणि दुष्काळानंतर रेंगाळलेल्या साथी हिशोबात घेतल्या, तेव्हा आकडा ३० लाखांच्या घरात गेला.

कोरी वही म्हणजे शून्य मृत्यू नव्हे, एवढं यातून ध्यानात ठेवावं.

याच दुष्काळानंतर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या खेड्यांत नमुना पाहणी, म्हणजे सगळ्यांना न विचारता निवडक घरांवरून सगळ्यांचा अंदाज, करून कोणती कुटुंबं उद्ध्वस्त झाली ते तपासलं. नमुना पाहणीवर जगभर आज जी भिस्त आहे, तिची सुरुवातीची एक मोठी परीक्षा आपल्या देशात, अशा दुःखातून झाली.

घरोघर जाऊन नेमकं विचारतात तरी काय?

'तुमच्या घरात कुणी वारलं का?' हा प्रश्न पहिला कधीच नसतो.

आधी एक तारीख पक्की करतात, समजा तीन महिन्यांपूर्वीची. छावणीतल्या बाईला तारीख विचारून उपयोग नाही, म्हणून स्थानिक घडामोडींचं कॅलेंडर करतात: रमजान ईद, पहिला वळीव, बाजारावर हल्ला झाला तो दिवस, धान्याचं पहिलं वाटप. मग विचारतात, 'ईदच्या दिवशी तुमच्या चुलीवर कोण कोण जेवत होतं?' घर म्हणजे एक छप्पर की एक चूल, हा घोळ आपल्याकडच्या जनगणनेतही होतो. इथे शक्यतो चूल धरतात. एकेक नाव, वय, बाई की पुरुष, असं लिहून घेतात. यादी झाली की पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात: हा आता कुठे आहे? इथेच आहे. ही? माहेरी गेली. हा? बेपत्ता. आणि ही धाकटी? इथे आवाज थांबतो. मग तेवढ्यापुरतंच विचारायचं: कधी, कशाने, कुठे.

शेवटी आणखी एक प्रश्न लागतो, नेमका तो घाईत राहून जातो: 'या काळात घरात बाळ जन्माला आलं होतं का?' दोन दिवस जगलेलं बाळ सुरुवातीच्या यादीत नसतं आणि आताच्याही नसतं. विचारलं नाही तर ते हिशोबाच्या दृष्टीने जन्मलंच नाही.

आता गणित. समजा ६०० घरं पाहिली, त्यांत ३,००० माणसं, काळ ९० दिवसांचा, मृत्यू २७. तीन हजार गुणिले नव्वद म्हणजे २,७०,००० माणूस-दिवस. २७ ला त्याने भागून दहा हजारांनी गुणलं की उत्तर बरोबर १. मधेच आलेल्या-गेलेल्यांचे दिवस अर्धे धरतात. छावणी ४ लाखांची असेल तर याचा अर्थ रोज ४० अंत्यविधी, तीन महिन्यांत ३,६००.

लोक खरं सांगतात का?

बहुतेक सांगतात. पण चुकीला वाटा बऱ्याच आहेत. रेशन घरातल्या डोक्यांवर मिळत असेल तर मेलेल्याचं नाव कमी करायला घर धजत नाही. भुकेल्या माणसाला त्यासाठी खोटारडा म्हणू नये. तीन महिन्यांपूर्वीचा मृत्यू कधी 'ईदनंतरचा' म्हणून आत ओढला जातो, कधी बाहेर ढकलला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या घरातलं एकही माणूस उरलं नाही, त्या घराचं दार उघडायला कोणी नसतं. पाहणी उरलेल्यांनाच विचारते, त्यामुळे कत्तल किंवा भूकंपासारख्या घटनेत ती मृत्यू कमी दाखवण्याची शक्यता जास्त.

काही शे घरांवरून अख्ख्या देशाचा आकडा? हे कसं पटावं?

भात शिजला की नाही ते शितावरून कळतं, पण पातेलं नीट ढवळलेलं असेल तरच. युद्ध म्हणजे न ढवळलेलं पातेलं. एका वस्तीत काही नाही, शेजारच्या वस्तीत घरागणिक मृत्यू.

पाहणी करणारे सुटी सुटी घरं निवडत नाहीत, ते परवडत नाही. लसीकरणाच्या पाहण्यांतून आलेल्या पद्धतीप्रमाणे ते तीसेक ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी शेजारशेजारची काही घरं घेतात. त्यात धोका काय, हे इराकमध्ये २००४ साली दिसलं. ३३ ठिकाणं, जवळजवळ हजार घरं. हिंसेने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांश एकट्या फलूजातल्या एका ठिकाणी सापडले! ते धरायचं तर एक ठिकाण देशाचा आकडा फिरवतं. सोडायचं तर सगळ्यांत होरपळलेली माणसंच गाळली जातात. संशोधकांनी ते बाजूला ठेवून ९८ हजार जादा मृत्यूंचा अंदाज दिला, आणि त्याचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असण्याची दाट शक्यता असते तो, होता ८ हजार ते १ लाख ९४ हजार.

हा पल्ला लोकांना खटकतो. मला मात्र तोच आकड्यातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. आपल्या वरच्या उदाहरणातही २७ मृत्यूंवरून काढलेला 'एक' हा दर, शेजारच्या घरांचं नशीब बरंचसं सारखंच असतं हे धरून सांगायचा तर ०.५ ते १.५ च्या मधे कुठेतरी, असाच सांगावा लागेल.

'जादा मृत्यू' म्हणजे काय? मेला तो मेला, त्यात जादा काय?

आपत्ती आली नसती तरीही काही माणसं गेलीच असती. प्रत्यक्ष मृत्यूंतून ती वजा केली की उरतात ते जादा मृत्यू. गोळी लागून गेलेला तर यात येतोच. पण पूल तुटला म्हणून दवाखान्यात पोहोचू न शकलेली बाळंतीणही येते. काँगोच्या युद्धात इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या मदतसंस्थेने पाहण्यांमागून पाहण्या करून ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ या काळात ५४ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. त्यातला थेट हिंसेचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. बाकीचे गेले ते ताप, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांनी, म्हणजे एरवी औषधाला दाद देणाऱ्या दुखण्यांनी.

पण वजाबाकी करायला 'एरवी किती मेले असते' हे माहीत हवं, आणि वाद पेटतो तो इथे. काँगोसाठी आफ्रिकेचा सरासरी दर आधार म्हणून घेतला होता. टीकाकार म्हणाले, काँगोची आरोग्यव्यवस्था युद्धाआधीच मोडकळीला आली होती, तिथला आधीचा दर जास्त होता. मग जादा मृत्यू कमी निघतात. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरी आकडा अर्ध्यावर आला काय, तो शोकांतिकाच राहतो.

कोविडच्या वेळी आपण याच वादातून गेलो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ मिळून जगात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचं सांगितलं. त्यात भारताचे ४७ लाख. सरकारी नोंद तेव्हा ४ लाख ८१ हजारांची. केंद्र सरकारने अंदाजाच्या पद्धतीला हरकत घेतली. या दोन आकड्यांत एक गोष्ट लोक सर्रास मिसळतात: एक 'कोविडने मृत्यू अशी नोंद' मोजतो, दुसरा 'नेहमीपेक्षा जास्त मृत्यू'. चाचणी न होता घरीच गेलेला माणूस पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे. दोन्ही एकाच तराजूत टाकू नयेत.

एकाच आपत्तीचे इतके वेगळे आकडे, मग खोटं कोण बोलतंय?

खोटं कुणी बोलत असेलच असं नाही. आधी बघा, सगळे एकच गोष्ट मोजतात का? मार्च २००३ ते मध्य २००६ या काळासाठी इराकमधल्या एका पाहणीने सुमारे ६ लाख ५५ हजार जादा मृत्यू सांगितले. जागतिक आरोग्य संघटना आणि इराकी सरकारने मिळून केलेल्या पाहणीने १ लाख ५१ हजार. पण दुसरा आकडा फक्त हिंसेने झालेल्या मृत्यूंचा आहे. हा फरक धरूनही दरी उरतेच, कारण पहिल्या पाहणीतले बहुतांश मृत्यू हिंसेचेच होते. पहिलीत १,८४९ घरं होती, दुसरीत ९,३४५. पहिलीत घरं कशी निवडली यावर बरीच टीका झाली; दुसरीत सरकारी माणसासमोर लोक दबून बोलले असतील ही शंका घेतली गेली. माझा कल मोठ्या नमुन्याकडे आहे, पण तो कल आहे, निकाल नव्हे.

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाचं उदाहरण जास्त बोलकं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आलं. सरकारी आकडा कित्येक महिने ६४ वर अडून होता. घरांच्या पाहणीने ४,६४५ सांगितले, पण पल्ला ७९३ ते ८,४९८. पेपरांनी ४,६४५ उचलला, पल्ला टाकून दिला. शेवटी मृत्युनोंदी आणि बेट सोडून गेलेल्यांचा हिशोब घालून २,९७५ हा अंदाज आला आणि सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये तो मान्य केला. तो पाहणीच्या पल्ल्यात नीट बसतो. पाहणी चुकलेली नव्हती, मथळा चुकला होता. वादळाने उडालेल्या पत्र्याने गेलेले थोडे. वीज नाही म्हणून ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, डायलिसिस चुकलं, असे गेलेले पुष्कळ.

जिथे पाऊलच ठेवता येत नाही तिथे काय करतात?

येमेनमधल्या एडन शहरात २०२० मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांतून दफनभूमीतल्या नव्या कबरी मोजल्या आणि एप्रिल ते सप्टेंबरमध्ये सुमारे २,१०० जादा मृत्यूंचा अंदाज काढला. दहन होतं तिथे ही युक्ती चालत नाही, राख वरून मोजता येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे पत्रकार स्मशानातल्या नोंदवह्या चाळत होते ते याचसाठी.

दुसरी रीत तळ्यातले मासे मोजायच्या हिशोबातून आली. एका यादीत २०० मृतांची नावं आहेत, कुणी वेगळ्याच वाटेने केलेल्या दुसऱ्या यादीत १५०, आणि ५० नावं दोन्हीकडे आहेत. म्हणजे दुसऱ्या यादीतला तिसरा हिस्साच पहिलीने पकडला होता. तर मग पहिली यादी एकूण मृतांच्याही तिसऱ्या हिश्शाएवढीच असावी: एकूण ६००. दोन याद्यांत मिळून नावं ३००, उरलेले ३०० कुणाच्याच यादीत नाहीत. याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या नसाव्यात ही अट, म्हणून दोनपेक्षा तीन बऱ्या. खरा घाम निघतो नावं जुळवताना. एकात 'गणपत', दुसऱ्यात 'गणू', वय दोन वर्षांनी वेगळं. एकच माणूस की दोन? अरबी नावांत हीच अडचण दसपट. सुदानच्या खार्टूम राज्यात याच पद्धतीने, ओळखीपाळखीतून आणि समाजमाध्यमांतून गोळा केलेल्या तीन याद्यांवरून, एप्रिल २०२३ ते जून २०२४ मध्ये ६१ हजारांवर मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. त्यांतले २६ हजारांवर हिंसेने. नव्वद टक्क्यांहून जास्त मृत्यू कुठल्याच यादीत नव्हते.

पाच वर्षांखालच्या मुलांचा दर वेगळा का?

कारण आधी तीच जातात. गोवर, जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया यांत कुपोषणाची भर पडली की मोठ्या माणसाला आठवडा लागतो, तिथे मुलाला दोन दिवस पुरतात. छावणीत मुलांचा दर चढला की मोठ्यांचा चढायच्या आत पाणी आणि लस यांकडे धावावं लागतं. नवजात बाळांची नोंद तर शांततेच्या काळातही होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे जन्म-मृत्यू कसून नोंदवले, तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू दिसले. घरच्या घरी बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवल्यावर काही वर्षांत ते २५ च्या आसपास आले. आधी मोजलं नसतं तर कमी झाले हे सांगता तरी आलं असतं का?

दुःखात असलेल्या आईला असे प्रश्न विचारणं क्रूर नाही का?

क्रूर होऊ शकतं. म्हणून तिची परवानगी घेतात, नको म्हणाली तर उठतात, नाव कागदावरून पुढे जाऊ देत नाहीत. शक्यतो तिच्या भाषेत बोलणारी बाईच पाठवतात, आणि दुसरं मूल तापाने फणफणलेलं दिसलं तर अर्ज बाजूला ठेवून आधी त्याला दवाखान्यात पोहोचवायची सोय करतात. ज्या पाहणीत एवढंही केलेलं नाही, ती माझ्या मते करूच नये.

मेलेले मोजून जिवंतांना काय मिळतं?

वेळेवर मोजले तर धान्य, पाणी, लस मिळते. उशिरा मोजले तर काय होतं ते सोमालियाने दाखवलं. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे दुष्काळाने सुमारे २ लाख ५८ हजार जादा मृत्यू झाले, त्यांतली १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालची मुलं. दक्षिण सोमालियात महादुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ ला, कारण जाहीर करायला मृत्युदर २ च्या वर गेल्याचा पुरावा लागतो आणि तो गोळा व्हायला मृत्यू आधी व्हावे लागतात. पाऊस हुकल्याचे, जनावरं मेल्याचे, ज्वारीचे भाव भडकल्याचे इशारे त्याआधी कित्येक महिने येत होते. घोषणा झाली तेव्हा त्या अडीच लाखांपैकी जवळपास निम्मी माणसं पुरून झाली होती.